डॉक्टर येईपर्यंत

मला शिकवलं ते पाच नंबरच्या खाटेवरच्या वहिनींनी. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं जे झालं त्याचं श्रेय घ्यायला माणसं पुष्कळ आहेत. प्रसूतिगृहाच्या कमिटीतले लोक म्हणतात, आम्ही हिला संधी दिली. गावाकडं म्हणतात, पोरगी पहिल्यापासूनच हुशार. कुणी काही म्हणो. सांगलीच्या त्या प्रसूतिगृहात मी आया म्हणून फरशी पुसत होते, तेव्हा मला 'तू वाच' म्हणणारं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाला स्वतःच्या खाटेवर कूस बदलायचीसुद्धा परवानगी नव्हती.

माझं गाव महाबळेश्वराच्या पलीकडं, खाली खोऱ्यात. महाबळेश्वर म्हटलं की लोकांना बंगले आठवतात. आम्हाला आठवतो घाट. मीठ आणायचं तरी तोच चढायचा आणि डॉक्टर आणायचा तरी तोच. पावसाळ्यात तर ओढे असे फुगायचे की गाव जगापासून तुटायचं. शाळा चौथीपर्यंत. पुढं पोरं ढोरांमागं आणि पोरी चुलीपुढं. मीही चौथीनंतर चुलीपुढं बसले, आणि तिथंच राहिले असते. पण माझी थोरली बहीण पहिलटकरीण म्हणून माहेरी आली ती भर आषाढात. मूल झालं, रक्त थांबेना. चौघांनी तिला घोंगड्याच्या झोळीत घातलं आणि घाट धरला. निम्म्या वाटेतून ते परत आले.

बाप एका बंगल्याची राखण करायचा. त्या बंगल्यावर उन्हाळ्यात सांगलीच्या एक बाई यायच्या. त्यांच्याकडं मी हट्ट धरला की मला बाळंतपणाचं काम शिकायचंय. त्यांनी मला सांगलीला आणून आया म्हणून चिकटवलं आणि त्या आपल्या घरी गेल्या. सांगली मला परकी वाटायची. डोंगर नाही, उकाडा लय, आणि मी तोंड उघडलं की बाकीच्या आया पदरात तोंड लपवून हसायच्या. धुतलेल्या चादरींच्या खोलीत मी झोपत असे. एक बशी फुटली, एक बाटली उशिरा उकळली, की आपल्याला घाटाखाली परत पाठवतील ही धास्ती मी उशाला घेऊनच झोपायचे. ही धास्ती लक्षात ठेवा, कारण पुढं मी जे बोलले ते काही धीट माणसाचं बोलणं नव्हतं.

तिथली एक रीत होती. वर्षभर काम केलेल्या आयांना एके दिवशी ऑफिसात बोलवायचे. टेबलापलीकडं डॉक्टरसाहेब, शेजारी मुख्य नर्स. त्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणायचो. टेबलावर पुस्तकं मांडलेली. जी जे पुस्तक उचलेल त्या वर्गात तिचं नाव. पिवळ्या पुठ्ठ्याचं पातळ पुस्तक उचललं की सुईणीचा वर्ग: सहा महिने शिकायचं, कात्री-दोऱ्याची एक पत्र्याची पेटी घ्यायची आणि गावाला जायचं. निळ्या कापडी बांधणीचं जाड पुस्तक उचललं की मिडवाइफचा वर्ग, दोन वर्षं. रीत 'उचला हवं ते' अशी असली तरी आयांनी पिवळंच उचलायचं हे ठरलेलं. निळं पुस्तक नुसतं शोभेला मांडलेलं असायचं.

मी एकदा मोठ्या बाईंना विचारलं, "बाई, ते निळं कुणासाठी?"

"सातवी झालेल्या मुलींसाठी. तुझ्या डोक्यावर ठेवलं ना, तर मान मोडेल तुझी. जा, तीन नंबरचं भांडं दे."

वहिनी आल्या त्या टांग्यातून आडव्या. त्यांचं माहेर वाईचं, सासर सांगलीचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून वाईला जायची ट्रंक भरून तयार होती, आणि सातव्या महिन्यात अंगावरून रक्त गेलं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावून पाय उंच केले आणि सांगितलं, बाळ होईपर्यंत असंच पडून राहायचं. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, जिभेला धार, आणि पाहायला काय तर डोक्यावरचं छत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी खाटेखाली पुसत होते. वरून आवाज आला, "काय गं, या इमारतीत वाचायला काही आहे की नाही? बाटलीवरची चिठ्ठी पाठ झाली माझी."

"पुस्तकं हाईत की मोठ्या बाईंच्या कपाटात. पर ती बाळंतपणाची हाईत."

"मग मी इथं काय शिमगा करायला आले आहे? आण."

"पेशंटला द्यायची न्हाईत, वहिनी."

"तू कुठं देते आहेस? तू कपाट झाडते आहेस. झाडता झाडता एखादं माझ्या उशाशी राहिलं, एवढंच."

मी दोन्ही आणली. पिवळं आणि निळं. दोन्ही का आणली, तर कुठलं आपलं हे मला तोवर ठरवता येत नव्हतं. पिवळं सोपं होतं, अक्षर मोठं होतं, मी ते बोट ठेवून वाचू शकत होते. आणि त्यात आमचं घर होतं. शेगडीचा धूर होता, जुनं लुगडं होतं, नाळ विळ्यानं कापू नये हे होतं, दाराशी बसून सल्ले देणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा होत्या. हात कोपरापर्यंत धुवावेत, नखं कापावीत, हे मी त्यातच पहिल्यांदा वाचलं आणि आजतागायत पाळते. त्या पुस्तकाला मी नावं ठेवणार नाही. निळ्यात मात्र पहिल्याच धड्यात लिहिलं होतं की बाळंतिणीच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या असाव्यात.

वहिनी हसल्या. "तुमच्या घराला किती खिडक्या गं?"

"पावसाळ्यात भिंतीच धड ऱ्हात न्हाईत, वहिनी. खिडक्या आपोआप होत्यात."

हसताना त्यांना पोट हलवायचं नव्हतं, म्हणून त्या तोंडावर पदर दाबून हसल्या. मग म्हणाल्या, "हे बघ. पुस्तक निवडायचं तर त्याचं अक्षर बघू नये, आणि घर आपलं आहे का तेही बघू नये. दोघांना एकच प्रश्न विचार. ज्याचं उत्तर पटेल ते तुझं. विचार, कुठला विचारतेस?"

मला शोधावा लागला नाही. "मूल झाल्यावर रगत थांबत नसंल तर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बहिणीचं मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. मग सांगितलं. त्यांनी पिवळं पुस्तक उघडलं आणि वाचलं. असा प्रसंग आल्यास सुईणीने स्वतः काहीही न करता ताबडतोब डॉक्टरांस बोलवावे. धडा संपला. त्यांनी पान उलटलं. मूल आडवं असल्यास डॉक्टरांस बोलवावे. झटके आल्यास डॉक्टरांस बोलवावे. मूल न रडल्यास, वार न पडल्यास, ताप चढल्यास...

"या पुस्तकात डॉक्टर फार राहतात गं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या गावात किती?"

"एक बी न्हाई."

मग त्यांनी निळं उघडलं. तिथंही डॉक्टरांना बोलवायला सांगितलं होतं. पण पहिल्याच ओळीत. त्याच्याखाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'डॉक्टर येईपर्यंत', आणि त्याच्याखाली पानभर मजकूर. पोटावर हात ठेवून गर्भाशय कसं शोधायचं, ते मऊ लागलं तर घट्ट होईपर्यंत कसं चोळायचं, मूल लगेच अंगावर का पाजायला घ्यायचं, लघवी का करवायची, खाटेचा पायथा कसा उचलायचा. मी त्यांना ते पान दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मला पहिल्यांदा राग आला. एवढा राग मला तोवर कुणाचा आला नव्हता. झोळी बांधायला लागला तेवढा वेळ तर आमच्याकडं होता! चोळायला हात होते, मूल जवळ होतं. नव्हतं ते हे पान. आणि हे पान आमच्यासारख्यांना द्यायचं नाही असं कुणीतरी टेबलापलीकडं बसून ठरवलं होतं. पिवळ्या पुस्तकाला आमचं घर ठाऊक होतं, पण आमचा भरवसा नव्हता.

"ठरलं?" वहिनींनी विचारलं.

"ठरलं. पर माझी चौथीच झालीय."

"ते मागाहून बघू. आधी वाच."

त्या दिवसापासून दुपारी पेशंट निजले आणि मोठ्या बाई जेवायला गेल्या की मी खाटेशेजारी फरशीवर बसायची. बाईंची पावलं ऐकू आली की पुस्तक उशीखाली आणि फडकं माझ्या हातात. मी वाचायची, अडायची. वहिनी छताकडं बघत सोडवून द्यायच्या. एकदा त्यांनी मला एक धडा ओलांडायला सांगितलं. मी म्हटलं, का? तर तो त्यांच्याच दुखण्याचा होता. "मी वाचलाय तो," त्या म्हणाल्या. "माहीत नव्हतं तेव्हा जास्त भीती वाटत होती. पण तू मोठ्यानं वाचू नकोस."

त्यांना मुलगी झाली. डॉक्टरसाहेब हजर होते, सगळं नीट झालं. मी बाहेर गरम पाण्याच्या हंड्यापाशी उभी होते आणि बायका स्तोत्र म्हणतात तसं निळ्या पुस्तकातलं ते पान मनात म्हणत होते. आतून मूल रडल्याचा आवाज आला तरी मी थांबले नाही, पान संपवलं.

मग आली पाचवी. वहिनींच्या सासूबाई फुलं, हळद-कुंकू, निरांजन, टाक-दौत सगळं घेऊन आल्या. पाचवीला सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी लेखणी आणि कोरा कागद ठेवावा लागतो. लढाईचे दिवस, बाजारात कागद मिळत नव्हता. घरात होते ते सगळे एका बाजूनं लिहिलेले. "सटवाईला काय पाठकोरा कागद देऊ?" असं त्या वॉर्डातल्या सगळ्यांना विचारत होत्या. मी धोबीघाटाच्या चादरी मोजून घ्यायला गेले होते. वहिनींना झोप लागली होती.

मी परत आले तर खाटेखाली पाट. पाटावर निळं पुस्तक. शेवटचं कोरं पान उघडलेलं, त्यावर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, शेजारी टाक आणि तेवतं निरांजन. सासूबाई समाधानानं हात जोडून बसलेल्या.

"आवं आजी, ह्ये काय केलंत!"

"सुनेच्या उशाशी होतं. किती छान कोरं पान बघ, कापडासारखं."

"उद्या सकाळी ऑफिसात पुस्तकं मांडायची हाईत! उचला ते."

"उचलायचं? आज?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी बाळाच्या वाईटावरच उठले आहे. "उद्या उजाडेपर्यंत हात लावायचा नाही हां कुणी."

मी हात पुढं केला आणि मागं घेतला. निळं पुस्तक अर्धं वाचून झालं होतं, सटवाई कुणाला दिसत नाही हेही कळत होतं. पण त्या पाच दिवसांच्या पोरीपुढचा कोरा कागद काढून घ्यायला माझा हात धजला नाही. मी तिथंच उभी, तेवढ्यात संध्याकाळच्या फेरीला मोठ्या बाई आल्या.

"वॉर्डात दिवा कुणी लावला?" म्हणत त्या वाकल्या. मग त्यांना पुस्तक दिसलं. "हे आपल्या कपाटातलं!" त्यांनी निरांजन फुंकरीनं नाही, फूल वाहून शांत केलं. पुस्तकाकडं हात नेला. आणि त्यांचाही हात मध्येच थांबला. त्या सरळ झाल्या, माझ्याकडं बोट रोखलं. "सकाळी हे टेबलावर पाहिजे. आणि तूही."

सकाळी टेबलावर पिवळी पुस्तकं नीट रचलेली आणि बाजूला ते निळं, पानांच्या कडेला हळद लागलेलं. माझ्या पुढच्या दोघींनी पिवळं उचललं आणि वाकून नमस्कार केला. मोठ्या बाईंनी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. पेशंटला पुस्तक दिलं, पूजेत घातलं, खराब केलं.

डॉक्टरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी काढलं हे कपाटातून?"

पाचवीची सबब सांगता आली असती. सासूबाईंवर ढकलता आलं असतं. त्या कबूलही झाल्या असत्या. पण मग पुस्तक नुसतं पूजेला आणलं असं ठरलं असतं, आणि तेच मला नको होतं.

"म्या काढलं. वाचाया. निम्मं झालंय."

"चौथी ना तुझी?" त्यांनी पुस्तक उघडलं. "मूल झाल्यावर रक्तस्राव थांबत नाही. काय करशील?"

मी सांगितलं. त्या पानावर होतं तसं, ओळीनं, पण माझ्या बोलीत. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणि डॉक्टरला बोलावणार नाहीस?"

"बोलवीन की, सायेब. आधी माणूस धाडीन. पर त्यो घाट चढून जाईस्तवर म्या काय हात बांधून बसू?"

मोठ्या बाई ओरडल्या, "तोंड सांभाळ!" डॉक्टरसाहेबांनी हातानं त्यांना थांबवलं. मला वाटलं, झालं, देतात. पण गोष्टींत होतं तसं झालं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. "उत्तर बरोबर आहे. पण सातवी पास असल्याशिवाय निळ्या वर्गात नाव घालता येत नाही. नियम माझा नाही. तू पिवळं घे. सहा महिन्यांत गावी जाशील, पेटी मिळेल, काहीतरी येत असेल. काहीच नसण्यापेक्षा बरं."

बोलणं मायेचं होतं, म्हणूनच अवघड. पिवळं पुस्तक हाताच्या अंतरावर होतं. न घेतलं तर आणखी कितीतरी दिवस भांडी आणि फरशी. कदाचित तेही नाही. घरी आई वाट बघत होती. मी म्हणाले, "पिवळं नको."

"मग आयाच राहा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ऱ्हाईन. सातवी करीन आन् परत ह्याच टेबलापाशी येईन. तवा न्हाई म्हणू नगा."

पाठ न वळवता मी दारापर्यंत मागं मागं आले, एवढं आठवतं. बाहेर मोरीपाशी तोंडावर पाणी मारलं. सरळ वहिनींकडं गेले.

"कुठलं घेतलंस?"

"कायबी न्हाई."

"शाबास."

"शाबास काय, वहिनी! तुमी चार दिसांनी घरला जाल. म्या काय करू?"

"माझं घर काय काशीत आहे? सातवीला काय लागतं, गणित, भूगोल, इतिहास, मराठी. मी काय मेले आहे? तू दुपारची येऊन पोरीला तेल लावून न्हाऊ घाल, मी बसल्या जागी शिकवते."

सासूबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे सटवाई माझ्या नातीचं लिहायला आली आणि हिचंच लिहून गेली म्हणायची." आणि मला जवळ बोलावून त्यांनी माझ्या कपाळाला त्याच ताटातलं उरलेलं कुंकू लावलं.

तशीच गेली ती दोन वर्षं. एका हातात पोर, पायांवर तेल, आणि वहिनींचा आवाज: "सात आठे?" पोरगी रडली की भागाकार चुकायचा. पहिल्या खेपेला मी सातवीच्या परीक्षेत गणितात आपटले. प्रसूतिगृहात सगळ्या हसल्या, आणि तोवर पिवळ्या वर्गातल्या दोघी पेटी घेऊन आपापल्या गावीही गेल्या होत्या. वहिनींनी मला रडू दिलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "चल, पुन्हा सात आठे." दुसऱ्या खेपेला निकाल लागला तसा मी तो कागद नेऊन टेबलावर ठेवला. डॉक्टरसाहेबांनी नाव लिहून घेतलं. मोठ्या बाईंनी कपाट उघडलं आणि हळदीच्या डागाचं ते निळं पुस्तक माझ्यापुढं आदळलं. "हे बाद झालेलं आहे. कपाटात ठेवता येत नाही. ने."

ते आज माझ्यापाशी आहे. मी आता विट्याच्या बाजूच्या एका गावात दवाखान्यात मिडवाइफ आहे. अजूनही घरापासून लांबच. अजूनही कुणी दार वाजवलं की आधी ते पान मनात म्हणते आणि मग कडी काढते. ते पान मला इथं खरोखर वापरावं लागलं. मी माणूस डॉक्टरकडं धाडला आणि चोळत बसले. डॉक्टर छकड्यातून आले तेव्हा ती बाई पेज पीत होती. ते म्हणाले, आता मी काय करू? मी म्हटलं, बसा, तुम्हीपण पेज घ्या.

सुईणींच्या वर्गाला मी अधूनमधून शिकवायला जाते. पुस्तक अजून ते पिवळंच आहे. मी ते बदलू शकले नाही. पण 'डॉक्टरांस बोलवावे' या ओळीखाली मी सगळ्यांना पेन्सिलीनं 'डॉक्टर येईपर्यंत' हे दोन शब्द लिहायला लावते, आणि पुढचं तोंडी सांगते. मागं एका साहेबांनी पाहणीला येऊन विचारलं, हे पुस्तकात कुणी लिहिलं? मी म्हटलं, मी. पुसायला सांगणार असाल तर आधी घाट चढून या.

वहिनी, तुमच्या यजमानांची बदली साताऱ्याला झाली, भेट होत नाही. पोरगी शाळेत जाते, वाचायला लागली, असं तुम्ही कळवलंत. तुमचं फेडायचं कसं याचा मी पुष्कळ विचार केला, आणि एकच गोष्ट सुचते. तुमचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं राहून गेलं. पोरीचं राहू द्यायचं नाही. ती मोठी होईल, पहिल्या खेपेला तुमच्याकडं येईल, तेव्हा मी कुठल्याही गावात असेन, मला निरोप धाडा. कोरा कागद मी घेऊन येईन, दोन्ही बाजूंनी कोरा. डॉक्टरांना तुम्ही खुशाल बोलवा. ते येईपर्यंत मी असेन.